'स्लो ट्रेन कमिंग' : शब्द वगळून ऐकता येतो का?

('उत्तररात्र' यांचा लेख आणि त्यावरील वाचकांच्या प्रतिक्रिया)

उत्तररात्र :

अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलन यांचा 'स्लो ट्रेन कमिंग' हा अल्बम ऑगस्ट १९७९ मध्ये आला, तेव्हा त्यांच्या श्रोत्यांत जी फूट पडली ती आजही बुजलेली नाही. ज्यू घरात जन्मलेल्या आणि साठच्या दशकातील बंडखोर पिढीने आपला मानलेल्या या गायकाने येशूला शरण जावे आणि अख्खा अल्बम त्या श्रद्धेला वाहावा, हे अनेकांच्या पचनी पडले नाही. 'रोलिंग स्टोन' या संगीतविषयक नियतकालिकाच्या यान वेनर यांनी त्याची तोंड भरून स्तुती केली, तर समीक्षक ग्रील मार्कस यांनी त्याच्यावर कडक टीका केली. विक्री मात्र जोरात झाली. अमेरिकेच्या यादीत तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला आणि 'गॉटा सर्व्ह समबडी' या गाण्याला ग्रॅमीही मिळाले.

आता, इतक्या वर्षांनी, श्रद्धा नसलेल्या रसिकांनी एक सोयीची तडजोड करून घेतलेली दिसते : शब्दांकडे काणाडोळा करावा आणि अल्बममध्ये साथ करणाऱ्या मार्क नॉफ्लर यांची गिटार ऐकावी. मला ही तडजोड अप्रामाणिक वाटते. 'प्रेशस एंजल' हे गाणे घ्या. चाल प्रसन्न आहे, मागे ब्रास वाद्यांचा साज आहे, गिटार प्रत्येक ओळीला हळुवार उत्तर देते, आणि ज्या स्त्रीने श्रद्धेची वाट दाखवली तिच्याविषयीची कृतज्ञता त्यात ओतप्रोत भरलेली आहे. अशा या गाण्यातच डिलन आपल्या 'मित्र म्हणवणाऱ्यां'विषयी विचारतात, की माणसे देवाकडे मरण मागतील आणि ते मिळणार नाही, अशा काळोखाची त्यांना कल्पना तरी आहे का? हे सरळ बायबलमधील 'प्रकटीकरणा'च्या नवव्या अध्यायातून आले आहे. ज्या आवाजात प्रेम आहे त्याच आवाजात ही धमकीही आहे. दोन्ही एकाच खात्रीतून येतात आणि त्या खात्रीमुळेच डिलन येथे इतके जीव तोडून गातात. ती नाकारून गाणे तेवढे उचलता येते, हे मला पटत नाही.

तारसप्तक :

आपला युक्तिवाद आकर्षक आहे, परंतु हा अल्बम ज्यांनी घडवला त्यांनीच तो खोटा ठरवला आहे. निर्माते जेरी वेक्सलर हे ज्यू आणि नास्तिक होते. ध्वनिमुद्रणाच्या काळात डिलन यांनी त्यांना बायबलची गोडी लावण्याचा प्रयत्न केला, तेव्हा आपण बासष्ट वर्षांचे नास्तिक आहोत, आपल्यावर वेळ दवडू नये, कामाला लागू या, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले होते. सगळी गाणी देवाविषयी आहेत हे कळल्यावर खुद्द नॉफ्लरही चकित झाले होते. अलाबामातील मसल शोल्स स्टुडिओत बॅरी बेकेट यांच्या पियानोसोबत ड्रमवादक पिक विदर्स आणि बासवादक टिम ड्रमंड यांनी जो घट्ट, मोकळ्या जागा राखणारा ठेका उभा केला, तशा ठेक्यावर त्याआधी कितीतरी ऐहिक गाणी उभी राहिली होती. वाजवणाऱ्यांकडून ज्या श्रद्धेची अपेक्षा नव्हती, ती ऐकणाऱ्याकडून का असावी? आपल्याकडे पंडित भीमसेन जोशी यांचे अभंग ऐकताना किती नास्तिकांच्या डोळ्यांत पाणी येते, ते आठवून पाहा.

खडीसाखर :

अभंगांचे उदाहरण येणार याची खात्रीच होती, पण ते येथे लागू पडत नाही. अभंगांत प्रामुख्याने गाणाऱ्याची स्वतःची तळमळ असते, आणि ऐकणारा हवा तर तिच्यात सामील होतो. या अल्बममध्ये बोट ऐकणाऱ्याकडे रोखलेले आहे : श्रद्धा आहे किंवा नाही, मधली जागाच नाही, असे डिलन स्पष्ट सांगतात. ज्यांनी साठच्या दशकात श्रोत्याला प्रश्न विचारायला लावले, त्यांनी आता उत्तरपत्रिका हातात द्यावी, याचे दुःख तेव्हाच्या श्रोत्यांना झाले असेल तर त्यात गैर काय?

शीर्षकगीतातील तेलाचे कडवे तर मला आजही ऐकवत नाही. परदेशी तेलाचे अमेरिकन भूमीवर नियंत्रण आहे, रत्ने आणि नाकात रिंगा घातलेले शेख राजांसारखे मिरवतात आणि अ‍ॅम्स्टरडॅम ते पॅरिस अमेरिकेचे भवितव्य ठरवतात, असा त्याचा आशय आहे. १९७९ हे इंधनटंचाईचे वर्ष होते, पेट्रोलपंपांवर रांगा लागत होत्या, हे मान्य. पण हा पेट्रोलच्या रांगेतला राग आहे आणि त्याला भविष्यवाणीचा झगा चढवला आहे. येशूच्या शिकवणीशी त्याचा संबंध काय, हे एखाद्या श्रद्धाळू श्रोत्यानेच सांगावे. नॉफ्लर कितीही सुंदर वाजवोत, त्या कडव्याला मी 'नुसते संगीत' म्हणणार नाही. म्हणजे शब्द वेगळे काढता येत नाहीत एवढ्यापुरती मी मूळ लेखाशी सहमत आहे, मात्र त्यातून माझा निष्कर्ष नेमका उलटा निघतो.

सीनाकाठ :

मी नगरच्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबातील आहे, म्हणून दोन शब्द. त्या कडव्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु भक्तिसंगीत म्हणजे केवळ तळमळ, हे वर्णन फारच सोवळे आहे. 'नाठाळाचे माथी हाणू काठी' असे तुकोबांनीच म्हटले आहे. नारायण वामन टिळकांची भजने आम्ही उपासनेत टाळ-तबल्यावर गात मोठे झालो. त्यांत आर्जव आहे, तसाच ऐकणाऱ्याला जागे करण्याचा स्वरही आहे. ज्याला आपण सत्य मानतो ते दुसऱ्याला कळकळीने सांगणे आणि त्याला धमकावणे यांत फरक असतो. 'प्रेशस एंजल'मधील ती ओळ मला धमकीपेक्षा मित्रांविषयीच्या काळजीसारखी ऐकू येते.

दुसरे असे, की ख्रिस्ती रॉक डिलन यांच्यापासून सुरू झालेला नाही. लॅरी नॉर्मन यांचा 'अपॉन धिस रॉक' १९६९ मध्येच आला होता. त्या काळी अमेरिकेतील कित्येक धर्मोपदेशक रॉकला सैतानाचे संगीत म्हणत, आणि बाहेरचे रसिक या गाण्यांना चर्चच्या तरुण मंडळाचा कार्यक्रम समजून सोडून देत. दोन्हीकडून नाकारलेल्या या श्रोत्यांना १९७९ मध्ये काय वाटले असेल, याचा विचार या चर्चेत कोणीच केला नाही. त्यांच्या दृष्टीने शब्द हाच मुद्दा होता. आणि कॅरोलिन डेनिस, रेजिना हेविस, हेलेना स्प्रिंग्ज या कृष्णवर्णीय गायिकांचे सूर ज्या गॉस्पेल, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगीतांच्या, परंपरेतून आले, तिला 'पार्श्वगायन' म्हणून बाजूला सारणे हाही एक प्रकारचा बहिरेपणाच आहे.

खडीसाखर :

काळजीचा सूर मला मान्य होईलही, पण तिकीट काढून आलेल्या श्रोत्याचे काय? नोव्हेंबर १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफील्ड थिएटरमध्ये डिलन यांनी चौदा कार्यक्रम केले आणि त्यांत एकही जुने गाणे गायले नाही. स्थानिक वृत्तपत्रांनी झोडपून काढले; मथळ्यातच 'बॉम्ब्ज' असा निकाल देऊन एकाने त्यांना आपटलेले ठरवले.

उत्तररात्र :

जुनी गाणी मिळाली नाहीत ही तक्रार डिलन यांच्या श्रोत्यांना नवी नव्हती. १९६६ मध्ये, विजेची गिटार हाती घेतली म्हणून, मँचेस्टरच्या सभागृहात एकाने त्यांना 'जुडास' (येशूला दगा देणारा शिष्य) म्हणून हाक मारली होती. तेव्हा विश्वासघाताचे नाव बायबलमधून उचलणारा हा श्रोतृवर्ग १९७९ मध्ये बायबलवरच रागावला, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

शिवाय त्या वृत्तपत्रांवर किती विसंबायचे हा प्रश्नच आहे. २०१७ मध्ये या काळातील मैफलींची ध्वनिमुद्रणे 'ट्रबल नो मोअर' या संचात प्रसिद्ध झाली, आणि त्यांत टाळ्या भरपूर आहेत. सुरुवातीला रेजिना हेविस एकट्याच रंगमंचावर येऊन, तिकिटाविना गाडीत चढू पाहणाऱ्या एका म्हातारीची गोष्ट सांगत. मग गायिका पियानोच्या साथीने गॉस्पेल गाणी गात आणि त्यानंतर डिलन येत. चर्चमधील उपासनेचीच ही रचना होती. हुर्यो उडाली, लोक उठूनही गेले, हे खरे. पण सगळे सभागृह विरोधात गेले होते, हे चित्र खरे नाही.

वेक्सलर यांच्याविषयी 'तारसप्तक' यांना एवढेच म्हणेन, की 'व्हेन ही रिटर्न्स' पुन्हा ऐकावे. त्यात केवळ बेकेट यांचा पियानो आणि डिलन यांचा आवाज आहे. लपायला ना ठेका आहे ना गिटार. वरच्या स्वरावर तो आवाज ताणला जातो, किंचित फाटतो आणि तरी तेथेच टिकून राहतो. ती ताकद कोणत्याही निर्मात्याने स्टुडिओत आणलेली नाही.

तारसप्तक :

'व्हेन ही रिटर्न्स' मी ऐकले आहे आणि ते थोर आहे, यावर वाद नाही. पण गाणाऱ्याची श्रद्धा गाण्यात उतरली यावरून ऐकणाऱ्यालाही ती लागते, हे सिद्ध कसे होते? या अल्बमला मिळालेला सर्वांत तिखट प्रतिसाद 'बीटल्स'च्या जॉन लेनन यांचा होता. 'गॉटा सर्व्ह समबडी'ला उत्तर म्हणून त्यांनी १९८० मध्ये घरच्या घरी 'सर्व्ह युअरसेल्फ' हे गाणे मुद्रित केले, जे त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी प्रसिद्ध झाले. इतका संताप यावा यासाठी आधी गाणे मनापर्यंत पोचावे लागते, आणि लेनन यांच्यापर्यंत ते श्रद्धेवाचून पोचले होते. मूळ गाण्याच्या ओळीही काही दगडावर कोरलेल्या नाहीत : डिलन अलीकडच्या मैफलींतही ते गाणे गात आले आहेत, आणि त्याचे शब्द त्यांनी स्वतःच पुष्कळसे बदलले आहेत. ज्या शब्दांना हात लावू नये असा आग्रह येथे धरला जात आहे, तो निदान त्या गाण्यापुरता गायकाने पाळलेला नाही.