‘लहान पक्षाला मत म्हणजे मत कचऱ्यात’ म्हणणाऱ्यांनो, जरा गणित मांडा

काळी कसदार

परवा इथे एका सदस्याने लिहिलं की वंचित, मनसे, प्रहार, स्वाभिमानी यांना मत देणारे लोक भाषणाला भुलतात आणि त्यांचं मत कचऱ्यात जातं. पुरावा म्हणून नेहमीचेच दोन दाखले: 2019 च्या लोकसभेतलं सोलापूर आणि नांदेड, जिथे म्हणे वंचितने मतं खाल्ली म्हणून काँग्रेस पडली. ही दोन नावं सगळे तोंडावर फेकतात, हिशेब मात्र कुणी करत नाही. म्हणून करतो.

सोलापुरात सुशीलकुमार शिंदे 1 लाख 58 हजारांनी पडले. वंचितच्या प्रकाश आंबेडकरांना मिळाली 1 लाख 70 हजार. ते उभे नसते आणि त्यांचा एकूण एक मतदार मतदानाला आलाच असता, तरी शिंदेंना त्यातली शंभरातली जवळजवळ सत्त्याण्णव मतं मिळायला हवी होती (उरलेली भाजपला गेली असं धरून). एवढं एकगठ्ठा मतदान भावकीतसुद्धा होत नाही.

नांदेडात अशोक चव्हाण 40,148 नी पडले आणि वंचितच्या यशपाल भिंगेंना 1,66,196 पडली. तिथे याच हिशेबाने शंभरातली साधारण बासष्ट पुरली असती. पण भिंगे धनगर समाजाचे. 2014 ला आरक्षणाच्या शब्दावर भाजपकडे गेलेला धनगर मतदार, शब्द पाळला नाही म्हणून 2019 ला वंचितकडे वळला असेल, तर ते मत ‘काँग्रेसचं’ कधी झालं?

आणि लोक तिकडे का वळतात ते ऐका. ऊस तुटल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव, द्यायची, हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय. कारखान्याचे संचालक सत्तेतल्या पक्षात आणि विरोधातल्याही. मग बिलासाठी भांडणार कोण? 2022 च्या शासन निर्णयाने एफआरपी दोन हप्त्यांत केली. स्वाभिमानीच्या राजू शेट्टींच्या याचिकेवर तो निर्णय उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केला. 2019 आणि 2024 ला लोकसभेत हरलेल्या माणसाने हे करून दाखवलं. मत कचऱ्यात म्हणे.

आकडेमोड

गणित छान. फक्त शेट्टींचा उरलेला प्रवासही सांगा की. 2014 ला भाजपसोबत, 2019 ला काँग्रेस-राष्ट्रवादीसोबत. त्यांचे सहकारी सदाभाऊ खोत मंत्री झाले आणि वर्षभरात संघटनेतून बाहेर. प्रहारचे बच्चू कडू आघाडी सरकारात राज्यमंत्री, मग 2022 ला शिवसेनेच्या बंडात थेट गुवाहाटी, आणि 2024 ला अचलपूरही गेलं. मतदार ‘प्रस्थापितांना धडा’ म्हणून मत देतो आणि नेता तेच मत प्रस्थापितांच्या टेबलावर नेऊन ठेवतो. माझा आक्षेप मतदाराच्या अकलेवर नाही, या दलालीवर आहे.

खडूस वऱ्हाडी

मोठ्या पक्षांचे आमदार गुवाहाटीला बहुतेक तीर्थयात्रेला गेले होते.

वांद्रे लोकल

लोकानुनय म्हटलं की बोट लहान पक्षाकडेच का? 2024 ला लाडकी बहीण 1500 रुपये. प्रचारात महायुती म्हणाली 2100, आघाडी म्हणाली 3000. हा लिलाव कुठल्या चिल्लर पक्षाने मांडला होता? तिजोरी हातात असली की ते ‘कल्याणकारी धोरण’ आणि बाहेरच्याने मागितलं की ‘भुलवणं’.

बाकी मतं खाल्ल्याचा दाखलाच हवा तर 2009 ची लोकसभा घ्या. मनसेने मुंबईत जागोजागी लाख-लाख मतं घेतली, सेना-भाजपला सहापैकी एकही जागा मिळाली नाही. विधानसभेला 13 आमदार आले. 2014 ला एक, 2019 ला एक, 2024 ला भोपळा.

पिपाणीवाला

मत कचऱ्यात कसं जातं ते मी सांगतो, त्याला नेता लागत नाही, चिन्ह पुरतं. सातारा, 2024 ची लोकसभा. शशिकांत शिंदे 32,771 नी हरले आणि ट्रम्पेट चिन्हाच्या अपक्षाला 37,062. शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि मुक्त चिन्हांच्या यादीत ट्रम्पेटचं मराठी नाव तेव्हा ‘तुतारी’! चित्रात दिसते ती पिपाणी. सभेत नेता ओरडतो ‘तुतारीचं बटण दाबा’, आणि मशीनवर खालच्या ओळीत नुसतं वाद्य, माणूस नाही.

आकडेमोड

दिंडोरीही घ्या. तिथे ट्रम्पेटवाल्या अपक्षाचं आडनावही पवारांच्या उमेदवारासारखंच, भगरे. 1 लाख 3 हजार मतं. भास्कर भगरे तरीही लाखाहून जास्त फरकाने आले म्हणून गाजावाजा कमी झाला.

काळी कसदार

म्हणजे दिंडोरीत चिन्हाने लाख मतं हलली आणि खापर मात्र वंचितच्या डोक्यावर. विषय लहान पक्षांचा होता हो, पिपाणीचा नाही.

पिपाणीवाला

पिपाणी हाच विषय आहे. चिन्हात लहान पक्ष कसा मरतो ते बघा. मान्यता नसलेल्या पक्षाला कायमचं चिन्ह नसतं. सगळ्या उमेदवारांना एकच चिन्ह हवं तर आयोगाकडे आधी अर्ज, आणि विधानसभेला किमान पाच टक्के जागा लढवायच्या. आपल्याकडे 288 म्हणजे 15. वंचितला 2019 लोकसभेला कपबशी, त्याच वर्षी विधानसभेला गॅस सिलिंडर, 2024 लोकसभेला प्रेशर कुकर. कार्यकर्त्याने भिंती रंगवायच्या तरी कशाने? अपक्षाचे हाल आणखी. अर्जात तीन चिन्हं पसंतीक्रमाने लिहायची, दोघांनी एकच मागितलं तर चिठ्ठी. हातात चिन्ह पडतं माघारीची मुदत संपल्यावर. गेल्या विधानसभेला ती 4 नोव्हेंबरला संपली, प्रचार 18 ला थांबला. चौदा दिवसांत तीनशेच्या वर बूथवर चित्र पोचवा.

मशीनवर क्रमही ठरलेला: आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत, शेवटी अपक्ष. एका युनिटवर नोटा धरून 16 बटणं. उमेदवार पंधराच्या वर गेले की दुसरं युनिट लागतं, आणि दुसऱ्या युनिटवरचा माणूस प्रचारात निम्मा वेळ ‘डावीकडचं नाही, उजवीकडचं मशीन’ हेच सांगत फिरतो.

वांद्रे लोकल

म्हणूनच तेलंगणातल्या निजामाबादच्या हळद उत्पादकांनी 2019 ला ते उलटं वापरलं. शेतकऱ्यांनीच धडाधड अर्ज भरले, उमेदवार 185, आयोगाला एका केंद्रावर बारा युनिटं लावावी लागली. मागण्या हळद बोर्डाच्या आणि भावाच्या. एकही शेतकरी निवडून आला नाही, पण तिथल्या खासदार के. कविता पडल्या आणि हळद देशभर बातमीत आली. मराठवाड्यात 2024 ला मराठा आंदोलकांनी तोच हिशेब मांडला होता, मशीन नोटा धरून 384 नावांपर्यंतच जातं, त्यापुढे कागदी मतपत्रिका वगैरे.

आकडेमोड

आणि जरांगेंनी ऐनवेळी माघार घेतली. त्यांचं कारण काहीही असो, अर्ज भरणं म्हणजे घोषणा देणं नव्हे. अपक्षाला मतदारसंघातलेच दहा सूचक लागतात, प्रत्येकाचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक बिनचूक हवा. सूचक अंगठेबहाद्दर असेल तर अंगठा अधिकाऱ्यासमोरच उठवायचा, घरून आणलेला चालत नाही. शपथपत्रात एक रकाना कोरा राहिला की नोटीस, नोटिशीनंतरही कोरा तर अर्ज बाद. खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब दिला नाही तर तीन वर्षं अपात्र. हौशी लोकांचे अर्ज छाननीत असेच उडतात, कट वगैरे काही नसतो.

खडूस वऱ्हाडी

वा, मग गरिबाने निवडणूक लढवूच नये, एवढंच म्हणा की सरळ.

आकडेमोड

तुमच्या तोंडात तयार वाक्य होतं, मी ते म्हटलेलं नाही. अनामत विधानसभेला दहा हजार, अनुसूचित जाती-जमातींना पाच. ती वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. दोन लाख मतदान झालं तर 33,334. नोटा त्यात धरत नाहीत. गरिबाला दहा हजार अडवत नाहीत. बूथला बसवायला तीनशे माणसं नसतात, ते अडवतं. प्रतिनिधी नसला तर मतदान संपल्यावर 17 सी चा नमुना, म्हणजे बूथवर किती मतं पडली त्याचा कागद, हातात येत नाही, आणि मोजणीला काही खुपलं तर ताडून बघायला कागदच नाही. सभेला मैदान भरवणाऱ्या पक्षांचे निम्मे बूथ रिकामे असतात. याला मी लोकानुनय म्हणतो: माईक आहे, संघटना नाही.

उसाचं पाचट

अख्खी चर्चा मत कुणाला जातं यावर चाललीय. ज्याला मत टाकताच येत नाही त्याचं काय? विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबर 2024. त्याच सुमाराला साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. बीडचा ऊसतोड मजूर कोल्हापूर, सांगली नाहीतर कर्नाटकात, नाव गावच्या यादीत. टपाली मतदान कुणाला? सैनिक, निवडणूक ड्यूटीवरचे, 85 वर्षांवरचे, 40 टक्के दिव्यांग. तोडणीवाला कुठल्याच रकान्यात नाही. फडावर पत्ता बदलायला फॉर्म 8 भरावा तर राहण्याचा पुरावा काय देणार? उसाच्या पाल्याची कोपी? आणि चार महिन्यांनी परत गाव आहेच.

मग त्याला मतदानाला कोण आणतं? मुकादम. ट्रकचं भाडं कुणीतरी देतं, देऊ नये असं लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 123 सांगतं, तरी देतं. लहान पक्षाकडे ट्रक नाही. तेव्हा आकडेमोड साहेब, ‘संघटना’ हा शब्द जरा जपून वापरा. त्यातला बराच भाग डिझेलचा असतो.

आकडेमोड

डिझेलचं मान्य. पण तुमच्या कुठल्या लहान पक्षाने ऊसतोड मजुराच्या टपाली मताची मागणी जाहीरनाम्याच्या पहिल्या पानावर घेतली? ती घेतली तर अनामतीचे दहा हजार मी भरतो.

खडूस वऱ्हाडी

अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर पाचच. शपथपत्र पूर्ण भरा म्हणजे झालं.

काळी कसदार

नांदेडचे बासष्ट टक्के अजून कुणी खोडलेले नाहीत, हे जाता जाता नोंदवतो. पिपाणीसाठी वेगळा धागा काढा.

पिपाणीवाला

काढलाय. तिथे आधीच भांडण सुरू आहे, चिन्हाचं चित्र मोठं करावं की नाव बदलावं यावर. या.