विषय: अचानक नोकरीवरून काढलं, फेरविचाराची वाट पाहू का?

नमस्कार मंडळी,

गेल्या शुक्रवारी दुपारी टीम्सवर मीटिंग लागली, जेमतेम दहा मिनिटं आधी. समोर मॅनेजर आणि एच.आर. "कामगिरी समाधानकारक नाही" एवढंच सांगितलं आणि त्याच दिवसापासून कामावरून काढलं. नोटिशीऐवजी चार आठवड्यांचा पगार देणार आहेत. अडीच वर्षांत एकही लेखी ताकीद नाही, उलट मार्चमध्ये पगारवाढ झाली होती.

एच.आर. म्हणते, महिनाभरात कंपनीतच फेरविचार होईल. नाहीतर मी स्वतःहून राजीनामा दिला तर आणखी चार आठवड्यांचा पगार, आणि नावही खराब होणार नाही. ऑस्ट्रेलियातला माझा व्हिसा ४८२, म्हणजे कंपनीच्या स्पॉन्सरशिपवरचा आहे, मुलगी प्रेपमध्ये, शाळेच्या पहिल्याच वर्षात. फेरविचाराची वाट पाहावी का? कुणी वकील सुचवेल का?

मंदार, टार्निट

---

मंदार,

वकील नंतर बघू, आधी कॅलेंडर बघ. अन्यायाने नोकरीवरून काढल्याचे दावे इथे फेअर वर्क कमिशन ऐकतं, आणि त्याच्याकडे अर्ज करायला २१ दिवस मिळतात, शनिवार-रविवार धरून. नोटिशीऐवजी पैसे दिलेत, म्हणजे तुझे दिवस शुक्रवारपासूनच सुरू झाले, चार आठवडे संपल्यावर नाही. कंपनीत फेरविचार चालू असला म्हणून ही मुदत थांबत नाही. महिन्याने त्यांचं उत्तर येईल तेव्हा तुझी मुदत उलटून गेलेली असेल. अपवादात्मक परिस्थितीत उशीर माफ होतो, पण "एच.आर.च्या उत्तरासाठी थांबलो होतो" किंवा "नियम माहीत नव्हता" एवढ्यावर सहसा होत नाही. चांगली बाजू असलेली आपली माणसं निव्वळ तारीख चुकल्यामुळे हात चोळत बसलेली मी पाहिली आहेत, म्हणून इतकं निक्षून सांगते. फेरविचार माग, पण अर्ज आधी टाक. फॉर्म एफ-२, ऑनलाइन भरता येतो. फी शंभर डॉलरच्या आत आहे आणि अडचण असेल तर ती माफ करून मागता येते.

राजीनाम्यावर सही मुळीच करू नकोस. एकदा सही केलीस की "मला राजीनामा द्यायला भाग पाडलं" हे सिद्ध करणं तुझ्या गळ्यात पडतं.

फेअर वर्क कायद्याचं कलम ३८७ वाच. काढायला ठोस कारण होतं का, ते निर्णयाआधी तुला सांगितलं का, उत्तर द्यायची संधी दिली का, कामगिरीबद्दल आधी ताकीद दिली होती का, सोबत कुणाला आणायचं म्हटलंस तर विनाकारण नाकारलं का, हे सगळं कमिशन तपासतं. आता कामावरून काढल्याचं पत्र काढ आणि त्यावरची तारीख बघ. ती शुक्रवारच्या आधीची असेल, तर त्या मीटिंगमध्ये तुझं ऐकून घ्यायला कुणी बसलंच नव्हतं. हे अर्जात स्पष्ट लिही.

अर्जासाठी पगाराची कमाल मर्यादा असते, तीही तपास. १ जुलै २०२५ ला ती १,८३,१०० डॉलर झाली. त्याहून जास्त पगार असला तरी नोकरी एखाद्या अवॉर्डखाली, म्हणजे त्या त्या क्षेत्रासाठी किमान पगार आणि अटी ठरवणाऱ्या नियमावलीखाली, येत असेल तर अर्ज चालतो. आयटीतले बरेच जण प्रोफेशनल एम्प्लॉईज अवॉर्डखाली येतात आणि त्यांना ते ठाऊक नसतं.

कमिशनकडे जायला व्हिसा आड येत नाही. १ जुलै २०२४ पासून नवा स्पॉन्सर शोधायला एका वेळी १८० दिवस मिळतात, पूर्वीसारखे ६० नाहीत.

शुभदा, ग्लेन वेव्हर्ली

---

चि. मंदार,

शुभदा म्हणते ते कायद्याने बरोबरच असेल. पण माझ्या थोरल्या भावाची केस ठाण्याच्या कामगार न्यायालयात वर्षानुवर्षं चालली. निकाल लागला तोवर कारखान्यालाच कुलूप लागलं होतं. वहिनीने ते दिवस कसे काढले, मी पाहिलंय. भांडणात पडण्यापेक्षा दुसरी नोकरी बघ, बाबा. आणि कंपनीवर केस केलेला माणूस म्हणून नाव झालं तर?

अरुणकाका, रिंगवूड

---

अरुणकाका,

तुमची काळजी मनापासूनची आहे आणि नोकरी त्याने शोधायलाच हवी. भरपाई ठरवताना माणसाने दुसरं काम शोधलं का, हेही कमिशन बघतं. पण इथली रीत वेगळी आहे. आधी समेटाची बैठक होते, बहुधा फोनवरच, आणि बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात. त्यात बोललेलं गोपनीय राहतं. सुनावणीपर्यंत गेलं तर मात्र निकाल नावानिशी वेबसाइटवर येतो, तिथे तुमची शंका खरी आहे. खर्च साधारणपणे ज्याचा त्याने करायचा. सुनावणीत वकील उभा करायचा तर परवानगी लागते.

मंदार, पैशाबद्दल मोठी आशा धरू नकोस. भरपाई फार तर २६ आठवड्यांच्या पगाराइतकी, आणि तीही त्या पगारमर्यादेच्या निम्म्याच्या आतच. मनस्तापाचा एक डॉलरही मिळत नाही, आणि मला हे फार अन्यायाचं वाटतं. पुन्हा कामावर घेणं हा कायद्यातला पहिला उपाय आहे, पण तसं क्वचितच होतं.

शुभदा

---

शुभदाताई, मध्येच विचारते. माझ्या नवऱ्याला "रिडंडन्सी", म्हणजे त्या पदाची आता गरज उरली नाही, असं म्हणून काढलं आणि त्याचंच काम आता कंत्राटदार करतोय. यात काही करता येतं का?

प्राजक्ता, क्रेगीबर्न

---

प्राजक्ता, येतं. रिडंडन्सी खरी असेल तर दावा टिकत नाही. पण अवॉर्डप्रमाणे सल्लामसलत केली नसेल, किंवा कंपनीत दुसरीकडे सामावून घेणं शक्य असूनही घेतलं नसेल, तर ती खरी धरत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये हेलेन्सबर्ग कोलच्या खाणीतल्या कामगारांच्या प्रकरणात हायकोर्टाने (इथलं सर्वोच्च न्यायालय) हे स्पष्ट केलं, की कंत्राटदारांचं काम कमी करून आपल्या माणसांना ठेवता आलं असतं का, हेही कमिशन तपासू शकतं. मुदत तीच, २१ दिवस. कधी काढलं ते कळव, आज रात्री फोन करते.

शुभदा

---

ताई, पत्रावर बुधवारची तारीख आहे. अर्ज काल रात्री टाकला. फोनवरच्या बैठकीला सोबत कुणी चालतं का?

मंदार

---

चालतं, मी येते. पगारवाढीचं पत्र आणि पगाराच्या पावत्या काढून ठेव. तिथे फक्त रकमेवर अडून बसू नकोस. सेवेचं प्रमाणपत्र माग आणि कागदोपत्री नोंद राजीनामा म्हणून करायची का, तेही ठरवून ये. आता अर्ज झाला आहे, त्यामुळे तडजोडीचा भाग म्हणून ते चालेल. या गोष्टी समेटातच पदरात पडतात, सुनावणीनंतरच्या आदेशात त्या मिळत नाहीत. रविवारी दुपारी घरी ये, दोघं मिळून यादी करू.

शुभदा