मदत हवी आहे: साइटवर आलेल्या नोटिशीचे ७२ तास नेमके कधीपासून धरायचे? (सेबी एलओडीआर, नियम ३०)

नमस्कार मंडळी,

बांधकाम क्षेत्रातल्या एका लिस्टेड कंपनीत सेक्रेटरियल खातं सांभाळतो. आम्ही बाजारमूल्याने पहिल्या २५० कंपन्यांत नाही, त्यामुळे अफवांवर खुलासा देण्याच्या नियमातून तूर्त सुटलोय. नियम ३० मात्र, म्हणजे सेबीच्या लिस्टिंग नियमावलीतली (एलओडीआर) महत्त्वाची घटना ठरलेल्या तासांत शेअर बाजाराला कळवायची अट, कुणालाच सुटलेली नाही.

जुलै २०२३ पासून 'महत्त्वाची घटना' कोणती हे आकड्यांवर ठरू लागलं. उलाढालीच्या २ टक्के, नक्त मूल्याच्या (मालमत्ता वजा देणी) २ टक्के, किंवा मागच्या तीन वर्षांच्या करोत्तर नफ्या-तोट्याच्या सरासरीचे ५ टक्के, यांतला सगळ्यात लहान आकडा पकडायचा. ऐकायला सोपं आहे. आमच्यासारख्या धंद्यात काय होतं बघा (आकडे बदललेत, प्रमाण तेच आहे): उलाढाल १,२०० कोटी, म्हणजे मर्यादा २४ कोटी. नक्त मूल्य ६०० कोटी, म्हणजे १२ कोटी. नफा एका वर्षी २० कोटी, पुढच्या वर्षी १० कोटी तोटा, मग १८ कोटी नफा. तोट्याचं वजा चिन्ह काढूनच सरासरी करायची, ती येते १६ कोटी. तिचे ५ टक्के म्हणजे ८० लाख! बाराशे कोटींची उलाढाल करणाऱ्या कंपनीत ८० लाखांचा वाद 'महत्त्वाचा'. उपकंत्राटदारांशी अशी भांडणं आमच्याकडे कायमचीच.

आता मूळ अडचण. एका उपकंत्राटदाराने लवादाची नोटीस पाठवली, दावा मर्यादेच्या बराच वर. ती हेड ऑफिसला न येता शुक्रवारी संध्याकाळी साइट ऑफिसला पोचली. स्टोअरकीपरने शिक्का मारून आवक रजिस्टरमध्ये चढवली आणि ट्रेमध्ये ठेवली. लीगलच्या हातात ती पडली सोमवारी दुपारी.

डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीनंतर कंपनीवरच्या अशा दाव्यांना (करवाद सोडून, आणि आमचा तो नाही) २४ ऐवजी ७२ तास मिळतात, पण सगळी माहिती स्ट्रक्चर्ड डिजिटल डेटाबेसमध्ये (अप्रकाशित संवेदनशील माहिती कुणाकुणाकडे गेली याची कंपनीची डिजिटल नोंदवही) नोंदलेली असेल तरच. माझे प्रश्न:

शुक्रवारच्या शिक्क्यापासून मोजायचं की सोमवारपासून? शनिवार-रविवार वगळता येतात का? आणि डेटाबेसमधली नोंद सोमवारी झाली तर ७२ तासांची सवलत टिकते का?

आमचे साहेब म्हणतात, 'कंपनीला कळलं सोमवारी, विषय संपला.' मला ते पटत नाही, पण खोडायला मुद्दा हवाय.

प्रतिसाद १

साहेबांचं म्हणणं २४ तासांच्या नियमाला थोडंफार लागू पडलं असतं. घटना कधी 'घडली' हे सांगताना सेबीच्या परिपत्रकात अधिकाऱ्याला माहिती मिळाली तेव्हा, किंवा कामाच्या ओघात मिळायला हवी होती तेव्हा, असं म्हटलंय. कंपनी कायद्यातली अधिकाऱ्याची व्याख्या संचालक, मॅनेजर, केएमपी (प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी) अशांपुरती आहे, सेबीने त्यात प्रवर्तकही धरले. स्टोअरकीपर त्यात बसत नाही.

पण ७२ तासांचं कलम वेगळं लिहिलंय. तिथे कंपनीला नोटीस मिळाल्यापासून मोजायचं आहे. शिक्का कंपनीचा, रजिस्टर कंपनीचं. उद्या समोरच्या वकिलाने पोचपावती दाखवली तर त्यावर शुक्रवारच असणार. मी शुक्रवारच धरला असता. सुट्टीची सवलत कुठेही नाही, तास म्हणजे तास.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. डेटाबेसमधली नोंद मागच्या तारखेची करायच्या भानगडीत मात्र पडू नका. त्यात वेळेचा शिक्का आपोआप पडतो, ऑडिट ट्रेल राहतो आणि रेकॉर्ड किमान आठ वर्षं ठेवायचं असतं. नोटीस कुणाकुणाच्या हातातून गेली, ती नावं पॅनसकट आणि खऱ्या वेळेनिशी चढवा.

शुक्रवार धरलात तर मुदत सोमवारी संध्याकाळी संपते, म्हणजे हातात काही तासच उरतात. ती हुकलीच तर उशिराचं कारण डिस्क्लोजरबरोबरच द्यावं लागतं, तशी तरतूद नियमातच आहे. 'नोटीस साइट ऑफिसला मिळाली, मुख्यालयात अमुक दिवशी पोचली' एवढं सरळ लिहा. गुळगुळीत कारण दिलंत की एक्स्चेंजचा खुलासा मागणारा मेल ठरलेला.

बाकी २०२३ च्या दुरुस्तीनुसार मटेरिॲलिटी पॉलिसीत (कोणती घटना महत्त्वाची हे ठरवायचं कंपनीचं धोरण) कर्मचाऱ्यांना अशी घटना ओळखून वर कळवता येईल असं मार्गदर्शन असावं लागतं. बहुतेकांनी ते एका परिच्छेदात उरकलंय. तुमची पॉलिसी साइटपर्यंत पोचली आहे का?

मूळ धागाकर्ता

दोघांचेही आभार. कलमातली नोटीस मिळाल्यापासूनची अट साहेबांना दाखवली. ते गप्प आहेत, म्हणजे बहुधा मान्य आहे. शुक्रवार धरूनच फाइल करतोय.

पॉलिसी वेबसाइटवर आहे, इंग्रजीत, बावीस पानी. साइटवर ती कुणी उघडली असेल असं वाटत नाही. तिथल्या माणसांसाठी मराठीत एक पान करायचंय: कोर्ट, लवाद, सरकारी खातं किंवा वकिलाकडून काहीही आलं की त्याच तासाला फोटो काढून या नंबरवर पाठवा, रक्कम बघत बसू नका. कुणी असं पान आधी केलं असेल तर कंपनीचं नाव काढून इथे टाकाल का? फोटो व्हॉट्सॲपवर मागवायचा की मेलवर, यावरही सांगा. अप्रकाशित माहिती असल्याने व्हॉट्सॲपला मन धजत नाही, पण साइटवर मेल कुणी बघत नाही.