शब्दचर्चा : अशनीतील ‘लोहमाक्षिक’

प्रश्न : अशनींविषयीच्या एका लेखाचा अनुवाद करताना त्यांतील लोह-गंधकाच्या खनिजासाठी मी ‘लोहमाक्षिक’ हा शब्द योजला आहे आणि ते ‘सौर तेजोमेघातून (सूर्यमाला ज्यातून घडली त्या वायू-धुळीच्या ढगातून) संघनित झाले’ असे लिहिले आहे. सदाशिव पेठेतील आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात ‘सुवर्णमाक्षिक भस्म’ पाहिले, त्यावरून शब्द सुचला. तो चालेल का?

उत्तर : माक्षिक म्हणजे मुळात मध, त्यामुळे शब्द गोड आहे, पण येथे तो चालणार नाही. सुवर्णमाक्षिकात तांबेही असते, आणि माक्षिक वर्गातल्या पायराइटमध्ये लोहाच्या एका अणूमागे गंधकाचे दोन अणू असतात. अशनीतील आपल्या खनिजात हे प्रमाण एकास एक आहे. १७६६ साली इटलीतील आल्बारेतो येथे पडलेल्या अशनीचे वर्णन करणाऱ्या दोमेनिको ट्रॉइली या पाद्र्यावरून त्याला ‘ट्रॉइलाइट’ म्हणतात, आणि मराठीतही तेच नाव ठेवावे. (‘उल्का’ न म्हणता ‘अशनी’ म्हटलेत, हे उत्तम, आकाशात दिसते ती उल्का, जमिनीवर पोहोचतो तो अशनी.)

माझा खरा आक्षेप ‘संघनित’ (म्हणजे वायू निवून थेट घनरूप झालेले) या शब्दावर आहे. सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी तेजोमेघ निवत असताना धातुरूप लोखंडाचे कण आधी संघनित झाले. पुढे तापमान सुमारे ४३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्यावर त्या कणांवर हायड्रोजन सल्फाइड वायूची क्रिया होऊन ट्रॉइलाइट बनले आणि हायड्रोजन मोकळा झाला. म्हणजे हा एक प्रकारे गंधकाचा गंजच, फक्त ऑक्सिजनविना चढलेला. या क्रियेत वायूचा एक रेणू खर्ची पडतो आणि एकच सुटतो, म्हणून ती सुरू होण्याचे तापमान तेजोमेघातील दाबावर जवळजवळ अवलंबून नसते. संघनन मात्र दाबाप्रमाणे बदलते, त्यामुळे येथे ‘अभिक्रियेने तयार झाले’ असेच लिहावे.

प्रश्न : मग अशनीतील सर्व सल्फाइडांना, म्हणजे धातू-गंधकाच्या संयुगांना, हेच क्रियापद लावावे का?

उत्तर : नाही. लोह-अशनींमधील ट्रॉइलाइटच्या गाठी लघुग्रहाच्या पोटातील वितळलेला धातू थिजताना वेगळ्या झाल्या; तेथे ‘विलग झाले’ म्हणावे. काही कार्बनी अशनींतील पेंटलँडाइट आणि पिऱ्होटाइट ही लोहयुक्त सल्फाइडे पाण्याच्या संपर्काने घडली किंवा बदलली, त्यांना ‘रूपांतरित’ शोभेल. ओल्डहॅमाइट हे कॅल्शियमचे सल्फाइड मात्र ऑक्सिजनचा तुटवडा असलेल्या परिसराची खूण आहे, कारण एरवी कॅल्शियम ऑक्सिजनलाच धरून राहते. १८५२ साली उत्तर प्रदेशातील बस्ती येथे पडलेल्या अशनीत ते प्रथम ओळखले गेले. दमट हवेत ते टिकत नाही; आपल्याकडच्या आषाढात तो नमुना उघडा ठेवण्याची सोय नाही.