'बी विंग' ग्रुप : बाजरी खा, गोळ्या फेका?

सुहासकाका ३०१: (फॉरवर्ड) रोज बाजरीची भाकरी खा, महिन्यात कोलेस्ट्रॉल साफ! गोळ्या बंद!! 🙏🙏

नीता ४०२: काका, आमच्या सासूबाई जन्मभर बाजरीच खातायत. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, १६० आलाय.

सुहासकाका ३०१: वर लोण्याचा गोळा असेल 😄

नीता ४०२: असतोच.

मेघनाताई २०२: आधी एक, डॉक्टरांना न विचारता गोळ्या कुणी बंद करू नका. बाजरी-ज्वारी मैद्याच्या ब्रेडपेक्षा केव्हाही चांगली. पण त्यातला बराचसा चोथा पाण्यात न विरघळणारा, पोट साफ ठेवणारा. कोलेस्ट्रॉलवर काम करतो तो विरघळणारा, चिकट चोथा, बीटा-ग्लुकन. तो ओट्स आणि जवात भरपूर.

जयंत ५०३: करतो काय नेमकं?

मेघनाताई २०२: आतड्यात बुळबुळीत लगदा होतो. पचनासाठी सोडलेलं पित्त एरवी शरीर परत शोषून घेतं. ते या लगद्यात अडकलं की शौचावाटे बाहेर. मग नवं पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्ट्रॉल उचलतं. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन गेलं तर एलडीएल साधारण ५ ते ७ टक्के उतरतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटावर हृदयाला फायद्याचा दावा छापायला परवानगी दिली, पुढे जवालाही.

जयंत ५०३: म्हणजे १६० चे १५०. गोळ्या कसल्या फेकताय काका!

शशीमावशी १०४: ३ ग्रॅम म्हणजे किती ते वाटीत सांग गं.

मेघनाताई २०२: कोरडे ओट्स ७५-८० ग्रॅम, मोठी वाटी भरून. अर्धे सकाळी, अर्धे थालीपिठात. मसाला ओट्सच्या छोट्या पुडीत निम्मेही भरत नाहीत, वर मीठ.

सेक्रेटरी: कृपया सोसायटीचेच विषय. टँकर ११ ला येतोय.

शशीमावशी १०४: मी सातूचं पीठ खाते की, दुधात गूळ घालून.

मेघनाताई २०२: पाकीट उलटून वाचा मावशी. सातू म्हणजे खरं तर जव, पण त्या पिठात बरेचदा गहू आणि डाळंच असतं.

शशीमावशी १०४: गहू, हरभरा डाळ, सुंठ, वेलची. जव नाहीच!! 😡

नीता ४०२: आणि तेलाच्या डब्यावर 'कोलेस्ट्रॉल फ्री' लिहितात ते?

मेघनाताई २०२: वनस्पतीत ते नसल्यातच जमा. पामतेलातही नाही, तरी एलडीएल वाढवतंच. डबा घेताना सॅच्युरेटेड फॅटचा आकडा बघ.

सुहासकाका ३०१: वाण्याकडे चाललोय. अख्खे जव आणू की पॉलिशचे?

मेघनाताई २०२: कुठलेही. जवात बीटा-ग्लुकन दाण्यात आतपर्यंत असतं, नुसतं कोंड्यात नाही. अख्खे मात्र रात्री भिजत घाला, नाहीतर शिजता शिजत नाहीत. खिचडीत तांदळाऐवजी छान लागतात.

नीता ४०२: काका, आमचेही एक किलो. लोणी नको 😄