'परस्पर संमती'तला 'परस्पर'

मूळ प्रश्न
धाकट्या बहिणीचा आणि तिच्या नवऱ्याचा अर्ज गेल्या आठवड्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात दाखल झाला. मूलबाळ नाही, भांडणही उरलेलं नाही. दागिने, भांडीकुंडी, फ्लॅटचे हप्ते, सगळं दोघांनी समोरासमोर बसून ठरवलं. आईने चष्मा लावून अर्जाची प्रत वाचायला घेतली आणि 'परस्पर संमतीने घटस्फोट' या शब्दांवर बोट ठेवलं. "परस्पर म्हणजे? आम्हाला न विचारता?" मी समजावलं, पण बोट हललं नाही. आपण तरी काय म्हणतो? 'त्याने परस्पर गाडी विकून टाकली.' मग कायद्याच्या मराठीत हा शब्द कसा? आणि पुढे 'अज्ञान अपत्य नाही' असं आहे. मूल अज्ञान कसं?

प्रतिसाद
ताई, आईंना जो अर्थ लागला तो चुकीचा नाही. 'परस्पर' संस्कृतातून आला तो 'एकमेकांना, एकमेकांचा' या अर्थाने. समासात तो अर्थ अजून टिकून आहे: परस्परविरोधी, परस्परपूरक. सुटा, क्रियाविशेषण म्हणून वापरला की मात्र तिसरा माणूस वगळला जातो. दोघांनी आपापसात उरकलं, म्हणजेच बाकीच्यांना कळवलं नाही. एका अर्थातून दुसरा असा निघाला असावा. अर्जात 'परस्पर' आणि 'संमती' तोडून लिहिल्यामुळे वाचणारा सुटा अर्थ धरतो. 'परस्परसंमतीने' असं जोडून लिहिलं तर घोटाळा कमी होईल. मला विचाराल तर 'उभयतांच्या संमतीने' सगळ्यात स्वच्छ.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा, पण परस्परसंमतीच्या घटस्फोटाचं १३-ब कलम त्यात आलं १९७६ साली. त्यातली संमती एकदा सही करून संपत नाही. आधी किमान एक वर्ष विभक्त राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा न्यायाधीशांपुढे सांगायचं की मन बदललेलं नाही. मधल्या काळात एकाने जरी संमती काढून घेतली तरी या कलमाखाली घटस्फोट मिळत नाही. सहा महिन्यांची अट योग्य प्रकरणात माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं आहे.

'विभक्त' शब्दही आईंना नीट सांगा. वेगळं घरच केलेलं असायला हवं असं नाही. एका छताखाली राहूनही नवरा-बायको म्हणून नातं उरलं नसेल तर कायदा ते विभक्त राहणंच मानतो.

प्रतिसाद
'अज्ञान' म्हणजे अठरा वर्षं पूर्ण न झालेला. उलट 'सज्ञान'. सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' म्हणजे 'अज्ञान पालन कर्ता' दिसतं, त्यातला 'अ' अज्ञानाचाच. हल्ली 'अल्पवयीन' लिहितात, ते बरं वाटतं. अज्ञान मूल नसलं की मुलाचा ताबा, भेटीचे वार, पालनपोषणाचा खर्च ही कलमं गळून पडतात. उरतं पोटगी, स्त्रीधन आणि घर. तेवढं मात्र अर्जात स्पष्ट लिहा, तोंडी ठेवू नका.

प्रतिसाद
कुणी याला 'बिनविरोध घटस्फोट' म्हणतं. कृपया म्हणू नका, तो निवडणुकीतला शब्द. 'एकतर्फी' तर अगदीच वेगळा: एकाने अर्ज केला, दुसऱ्याला समन्स पोचलं तरी तो आला नाही, आणि न्यायालयाने पुरावा ऐकून निकाल दिला. अजून एक कळकळीने सांगते. स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहून नोटरी केली म्हणजे झालं, असं समजणारे पुण्यातही भेटतात. समाजात तशी रूढी आहे हे सिद्ध करता आलं तरच तिला कायदा मानतो, नाहीतर लग्न तसंच कायम राहतं. शब्द म्हणून मला 'फारकत' आवडतो. मूळचा फारसी फारिगखती, म्हणजे देणं-घेणं फिटल्याचा कागद. कुणावर दोष नाही, हिशेब पुरा झाला, एवढंच तो सांगतो.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री आईला 'उभयतांच्या संमतीने' असं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लग्नपत्रिकेत 'उभयतांस शुभाशीर्वाद' छापलं होतं, तोच ना हा?" मग बराच वेळ काही बोलली नाही. आज सकाळी चहा गाळताना तिने एवढंच विचारलं, की पुढच्या तारखेला आत बसू देतात का. ती येणार आहे.