तारानाकीचं पलायन खरं धरायचं का?

गारगोटी: न्यूझीलंडच्या माओरी कथेत तारानाकी आणि टोंगारिरो हे ज्वालामुखी देखण्या पिहांगा शिखरावरून भांडले. तारानाकी हरला, तणतणत पश्चिमेकडे निघाला, वाटेत जमीन खरवडली गेली तीच वांगानुई नदी. शेवटी पोउआकाई डोंगराने त्याला अडवून धरलं. माझ्या मते यात पक्कं निरीक्षण आहे. नदी खरंच टोंगारिरोच्या उतारावर उगम पावते, आणि पोउआकाई खरंच तारानाकीहून थोरला आहे.

बेसाल्टबुवा: थोरला मान्य, पण दिशा साफ उलटी! तारानाकीच्या ज्वालामुखींच्या रांगेत पारितुतू सुमारे १७.५ लाख वर्षांचा, काइताके ५.७५ लाख, पोउआकाई २.५ लाख, आणि सगळ्यांत धाकटा तारानाकी. म्हणजे उद्रेकाची जागा वायव्येकडून आग्नेयेकडे सरकली. रुसलेला गडी घरच्या दिशेने येतोय की! नदीचं म्हणाल तर मऊ चिखलदगड पाण्यानेच कापला. आधी उत्तरेला, मग पश्चिमेला तौमारुनुईपर्यंत, मग दक्षिणेला. डोंगर ओढत नेल्यावर असा चर पडतो का?

गारगोटी: रागाने निघालेला सरळ चालतो का?

पापुद्रा: तारानाकी-टोंगारिरोतल्या फरकाचं मूळ कारण जमिनीच्या पोटात आहे. दोघांखाली तीच पॅसिफिक प्लेट, म्हणजे भूकवचाचा प्रचंड तुकडा, बुडते, पण तारानाकीखाली ती बरीच खोल गेलेली आहे. म्हणून त्याच्या लाव्हात पोटॅशियम जास्त. लाव्हा अँडेसाइट नावाच्या खडकाचा, त्यात सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) साधारण ५५ ते ६० टक्के, म्हणून चिकट. तोंडाशी घुमट साचतो, कोसळतो, आणि तापलेली राख-दगडांची लाट उतारावरून सुटते. कधी अख्खा कडाच ढासळतो. पश्चिमेच्या कुरणांतल्या बुटक्या टेकड्या हे त्याचेच ढिगारे. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात, बेसाल्टात, सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास, म्हणून त्याचा लाव्हा, पातळ, भेगांतून निघून सपाट पसरलेला. भांडायला शंकूच उरला नाही.

गारगोटी: मग तारानाकी आणि टोंगारिरोच्या मधल्या रेषेत राहू नये, हा माओरींचा जुना संकेत शहाणपणाचाच ना?

बेसाल्टबुवा: अर्धाच. लाहार, म्हणजे राख-दगडांचा चिखल, ओढ्या-नद्यांच्या पात्रातून उतरतो. रेषा बघत नाही. २४ डिसेंबर १९५३ ला टोंगारिरोशेजारच्या रुआपेहू ज्वालामुखीच्या विवर-सरोवराचा बांध फुटला, तांगीवाईचा रेल्वेपूल गेला, १५१ माणसं दगावली. त्या रात्री उद्रेकही नव्हता.

पापुद्रा: टोंगारिरो २०१२ मध्ये फुटला होता. तारानाकीचा अबोला मात्र दीड-दोनशे वर्षं चालू आहे. घुमट साचवणाऱ्याचा अबोला जास्त महाग पडतो.